34 चा पत्ता की साडेअठ्ठावनचा? उपचाराचा खर्च ताडून बघायची आमच्या काउंटरवरची पद्धत

सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, दुपारी दोनपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. अशात एक मावशी आल्या, पिशवीतून दोन पत्ते काढून आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवले. दोन्ही मेटफॉर्मिनचे, म्हणजे शुगरच्या गोळ्यांचे. "भाऊ, हा 34 चा अन् हा साडेअठ्ठावनचा. यातला सस्ता कोणता, सांगा बरं?" मागं उभ्या असलेल्या काकाजींनी माझ्या आधीच निकाल देऊन टाकला, "अवं माय, 34 कमी की साडेअठ्ठावन? यात इचारून कायले रायली?"

काकाजींनी पत्ते मोजले, गोळ्या मोजल्याच नाहीत. 34 च्या पत्त्यात 500 च्या साध्या 20 गोळ्या होत्या, दिवसाला दोन घ्यायच्या. साडेअठ्ठावनच्या पत्त्यात 1000 एसआरच्या, म्हणजे पोटात हळूहळू सुटणाऱ्या, 15 गोळ्या, दिवसाला एक. पहिला हिशोब 1.70 गुणिले 2, म्हणजे दिवसाला 3.40. दुसरा 58.50 भागिले 15, म्हणजे 3.90. फरक दिवसाला 50 पैसे, महिन्याला 15 रुपये. चोवीस-साडेचोवीस रुपयांचा वाटणारा फरक 15 वर आला, तोही अख्ख्या महिन्याचा, आणि त्या 15 रुपयांत दुसरी गोळी विसरायची कटकट नाही, शिवाय साध्या गोळीनं पोट बिघडतं तेवढं एसआरनं सहसा बिघडत नाही. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग असं सांगा ना, तो डॉक्टर तर काई बोललाच नाई."

या कामाला पुस्तकात फार्माकोइकॉनॉमिक्स म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं नाही. डी.फार्म. करून नुकतेच काउंटरला उभे राहिलेले पोरं-पोरी, गावात ज्यांना सगळे हेच विचारतात त्या आशाताई, किंवा घरात आई-बाबांचं महिन्याचं औषध आणायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय तो, अशांसाठी हे लिहितोय. लागतं काय, तर शंभर पानी वही, मोबाईलचं कॅल्क्युलेटर आणि थोडा चोंबडेपणा, कारण पेशंटला दहा गोष्टी विचाराव्या लागतात. खाली जिथे किमती 'समजा' म्हणून दिल्यात त्या हिशोब समजावा म्हणून घेतलेल्या आहेत, दुकानात जाऊन त्यावरून भांडू नका.

पहिलं काम, दोन्ही वस्तू एकच आहेत का ते बघा

पत्ता उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. समोरचं मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, आपल्या कामाचं आहे ते मागचं: कंटेंट म्हणजे आतलं मूळ औषध कोणतं, किती मिलिग्राम, साधी की एसआर, एकटं औषध की कॉम्बिनेशन. बीपीच्या टेल्मिसार्टनमध्ये नवीन पोरं हमखास इथेच फसतात. नावाच्या शेवटी 'एएम' लागलं तर सोबत अम्लोडिपीन, 'एच' लागलं तर हायड्रोक्लोरोथायझाइड. नुसती 40 ची गोळी आणि 40 अधिक अम्लोडिपीन 5 ची गोळी यांचा भाव शेजारी-शेजारी ठेवून स्वस्त-महाग म्हणणं म्हणजे तुरीची डाळ अन् खिचडी एका काट्यावर तोलणं. हो, पण उलटं करता येतं: दोन्ही औषधं वेगवेगळी घेतली तर किती आणि एका गोळीत घेतली तर किती. ही तुलना बरोबर आहे आणि दर वेळी कॉम्बिनेशनच स्वस्त निघेल असंही नाही, कधी सुट्या दोन गोळ्या स्वस्त पडतात.

पोरांच्या औषधात तर अजून गंमत. समजा पोराला अमॉक्सिसिलीन 250 मिलिग्राम दिवसातून तीनदा, पाच दिवस लिहिलंय. एकूण लागलं 3750 मिलिग्राम. 30 मिलीची एक बाटली 5 मिलीला 125 वाली, समजा 28 रुपयांची, तिच्यात एकूण 750 मिलिग्राम. दुसरी तेवढीच बाटली 5 मिलीला 250 वाली, समजा 45 ची, तिच्यात 1500. पहिल्या 5 बाटल्या लागल्या, 140 रुपये. दुसऱ्या अडीच लागतात पण अडीच कोणी देत नाही, 3 घ्या, 135 रुपये. म्हणजे 28 ची बाटली महाग पडली, आणि दर वेळी दोन-दोन चमचे पाजताना पोरगं ओकणार ते वेगळं. (पाणी टाकलेलं ड्राय सिरप साधारण आठवड्याच्या वर ठेवत नाहीत, त्यामुळे उरलेली अर्धी बाटली पुढच्या सर्दीला ठेवून देऊ नका. सगळे ठेवतात, मला माहीत आहे.)

दुसरं, दिवसाचा खर्च काढा

एका गोळीचा भाव गुणिले दिवसाच्या गोळ्या. एवढंच. 10, 14, 15, 20, 30 अशा कितीही गोळ्यांचे पत्ते येवोत, दिवसाच्या खर्चावर आणलं की सगळे एका रांगेत उभे राहतात. मग जुनाट दुखणं असेल तर गुणिले 30, तात्पुरतं असेल तर जितक्या दिवसांचा कोर्स तितके दिवस. अँटिबायोटिकमध्ये दिवसाचा खर्च फसवतो, कारण एक औषध 3 दिवस घ्यायचं असतं आणि दुसरं 7 दिवस, तिथं कोर्सचीच बेरीज करायची.

वेगवेगळ्या औषधांचा सरसकट खर्च ताडायचा असेल, म्हणजे दवाखान्याचा स्टोअर सांभाळणाऱ्यांना वगैरे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक औषधाचा एक ठरावीक दैनिक डोस धरून दिलेला आहे, त्याला डीडीडी म्हणतात. मेटफॉर्मिनचा 2 ग्राम, अम्लोडिपीनचा 5 मिलिग्राम, टेल्मिसार्टनचा 40. हा नुसता मोजमापाचा गज आहे, पेशंटला एवढं द्या असा त्याचा अर्थ नाही. समोर चिठ्ठी असेल तर चिठ्ठीवरचा डोसच धरा.

इन्सुलिनला जरा थांबतो कारण तिथं चुका महागात जातात. साधी 10 मिलीची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, मिलीला 40 युनिटची असते, म्हणजे एकूण 400 युनिट. पेनची 3 मिलीची कार्ट्रिज मिलीला 100 युनिटची, म्हणजे 300 युनिट. समजा व्हायल 160 ची आणि कार्ट्रिज 240 ची, तर युनिटमागे 40 पैसे आणि 80 पैसे. दिवसाला 20 युनिट घेणाऱ्याला 8 रुपये किंवा 16 रुपये, वरून सिरिंज किंवा पेनची सुई. आता दुसरा पेशंट घ्या, दिवसाला फक्त 10 युनिट घेणारा. उघडलेली व्हायल साधारण 4 आठवड्यांत संपवायची असते (नेमकं पाकिटावर वाचा). 28 दिवसांत त्यानं 280 वापरले, 120 फेकले. 160 भागिले 280, त्याला युनिट 57 पैशाला पडलं. तीच व्हायल, तोच भाव, पण माणूस बदलला की खर्च बदलला. आणि स्वस्ताईच्या नादात कोणाला पेनवरून व्हायलवर आणायचं ठरलं तर सिरिंज बघूनच द्या: 40 वालीचं झाकण लाल, 100 वालीचं केशरी. यात घोळ झाला तर वाचलेले पैसे सलाईनला जातात.

तिसरं, भाव कोणता धरायचा

छापील एमआरपी धरू नका, गिऱ्हाइकाच्या खिशातून खरोखर जाणारी रक्कम धरा. सांगतो काहून ते. काही जेनेरिक पत्ते असे येतात की छापलेलं असतं समजा 110, दुकानदाराला पडतो 20 ला, आणि तो 50 टक्के डिस्काउंट म्हणून 55 ला देतो. गिऱ्हाईक खूश, अर्ध्यात मिळालं. शेजारी त्याच कंटेंटचा चांगल्या कंपनीचा पत्ता विनाडिस्काउंट 48 ला पडून असतो. टक्के ऐकून कोणीही भुलतं, मीही दुसऱ्या दुकानात चपला घेताना भुलतोच, पण औषधात टक्के बघायचेच नाहीत.

सरकारनं भाव बांधलेली औषधं कोणती हे माहीत असलं की बोलायला जोर येतो. 2013 च्या डीपीसीओ नावाच्या आदेशाखाली एनपीपीए ही संस्था जास्तीत जास्त भाव ठरवते. यादी जीवनावश्यक औषधांची, 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत. पद्धत अशी की ज्या ब्रँडांचा बाजारात किमान 1 टक्का हिस्सा आहे त्यांचे रिटेलरला पडणारे भाव घेऊन साधी सरासरी काढायची आणि त्यावर 16 टक्के रिटेलरचं मार्जिन, वरून जीएसटी. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी कंपनीला वर्षात 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. 'फार्मा सही दाम' नावाचं एनपीपीएचं ॲप आहे, त्यात कंटेंट टाकला की भाव दिसतात, नेटवर्क असलं तर. आमच्याकडे दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की येतं.

एक मात्र लक्षात ठेवा, भावाची तुलना शिळी होते. एम्पाग्लिफ्लोझिन घ्या, शुगरचंच. मार्च 2025 मध्ये त्याचं पेटंट संपलं. तोवर एक गोळी 60 रुपयांच्या घरात होती, नंतर थोड्याच दिवसांत कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या 10 च्या आसपास आणि त्याखालीही आल्या. ज्यानं फेब्रुवारीत "हे आपल्याला झेपत नाही" म्हणून सोडलं त्यानं मे महिन्यात पुन्हा विचारायला हवं होतं. पुन्हा 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. म्हणून वहीत भाव लिहिताना तारीख टाका आणि पेन्सिलनं लिहा.

जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथला भाव वेगळ्या रकान्यात लिहाच, योजना 2008 पासूनची आहे आणि रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांत फरक डोळ्यात भरतो. फक्त जायच्या आधी फोन करून माल आहे का विचारा. चारपैकी तीन औषधं मिळाली आणि चौथ्यासाठी पुन्हा दुसरीकडे, असं झालं की वाचलेले पैसे ऑटोवाल्याला.

चौथं, औषधाबाहेरचा खर्च, आणि खरी गोष्ट इथे आहे

शहरातली पुस्तकं या भागाला दोन ओळी देतात. आमच्याकडे निम्मा खर्च इथंच असतो, गावातून तालुक्याला जाणं, रांग, सोबत आलेलं माणूस, बुडालेली मजुरी, हॉटेलातला चहा-आलूबोंडा.

एक हिशोब करून दाखवतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. आता एक बाई धरा, बीपी-शुगर दोन्ही, गाव फाट्यापासून आत. तिला एका खेपेला 15 दिवसांचं औषध मिळतं म्हणजे महिन्यात दोन चकरा. एसटीत बाईमाणसाला मार्च 2023 पासून अर्ध तिकीट आहे, समजा जाऊन-येऊन 50. मजुरी मी रोजगार हमीच्या दरानं धरतो, 2025-26 साठी महाराष्ट्रात तो दिवसाला 312 होता, कापूस वेचणीला याहून जास्तही पडते पण एक ठरलेला आकडा घेतलेला बरा. एक चक्कर 362 ला पडली. दोन चकरा 724. आणि तेच औषध गावातल्या मेडिकलमधून समजा महिन्याला 390.

म्हणजे फुकटचं औषध 724 चं आणि विकतचं 390 चं!

पण थांबा, लगेच "सरकारी दवाखाना सोडा" असं सांगत सुटू नका, मी सुरुवातीला हेच करायचो. दवाखान्यात विनंती करून महिन्याभराचं एकदम मिळालं तर चक्कर एक, 362, झालं ना 390 च्या खाली. गावच्या उपकेंद्रातच गोळ्या मिळाल्या तर तिकीटही नाही अन् दिवसही बुडत नाही, जवळपास शून्य. आणि चैत्र-वैशाखात जेव्हा शेतात कामच नसतं तेव्हा मजुरी कुठली बुडते? तेव्हा दोन चकरांचे 100 रुपये, बस. दिवाळीनंतर वेचणी जोरात असताना मात्र ती बाई दवाखान्यात जाणारच नाही, अंगावर काढेल, गोळ्या पंधरा दिवस बंद. म्हणून मी एकाच पेशंटचे दोन हिशोब मांडतो, वेचणीतला आणि उन्हाळ्यातला. सासूबाई 75 च्या वर असतील तर एसटी फुकट आणि मजुरीही नाही, पण त्यांना एकटं पाठवता येत नाही, मग सोबतच्याची मजुरी धरा. हा सोबतचा माणूस नवीन पोरं कायम विसरतात.

तपासण्याही यातच येतात. एखादं औषध स्वस्त असतं पण दर महिन्याला रक्त तपासायला लावतं, दुसरं महाग असतं पण तपासणी वर्षातून दोनदा. बेरीज केल्याशिवाय बोलायचं नाही.

पाचवं, खिसा कोणाचा ते आधी ठरवा

कुत्रं चावल्यावरची लस याचं झकास उदाहरण आहे. स्नायूत द्यायची पद्धत, 5 खेपा, 5 व्हायल. कातडीत द्यायची पद्धत, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर खेपेला दोन ठिकाणी 0.1 मिली, म्हणजे सगळे मिळून 0.8 मिली. आपल्या देशात 2006 पासून या दुसऱ्या पद्धतीला परवानगी आहे. दोन्ही पद्धतींनी बचाव सारखाच होतो, त्यामुळे इथं नुसता खर्च बघितला तरी चालतं. 1 मिलीची व्हायल असेल तर एका दिवशी 5 माणसांना पुरते. सरकारच्या खिशातून बघितलं तर दुसरी पद्धत कितीतरी स्वस्त, आणि पेशंटचीही एक चक्कर कमी.

आता हीच व्हायल एका लहान प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. दिवसभरात चावलेला माणूस आला एकच. व्हायल फोडली की 6 ते 8 तासांत वापरायची, उरलेली टाकायची. 1 मिलीतले 0.8 मिली गेले कचऱ्यात. त्या दिवशी तिथं कातडीतली पद्धतही एका पूर्ण व्हायललाच पडली, बचत शून्य. बरं, पेशंट गोळा होईपर्यंत थांबा असं म्हणायची सोय नाही, पहिला डोस थांबवायचाच नसतो. म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात स्वस्त ठरलेली गोष्ट खेड्यात तितकीच स्वस्त पडेल असं धरून चालू नका. आणि पेशंटला यातलं काही देणंघेणं नसतं, सरकारी दवाखान्यात त्याला दोन्ही फुकट, त्याचा खर्च म्हणजे 4 चकरा की 5.

वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर म्हणूनच लिहायचं: खिसा घरचा, की दवाखान्याचा, की सरकारचा. एका बेरजेत दोन खिसे मिसळले की हिशोब वाया.

सहावं, पैशाच्या बदल्यात मिळालं काय

आतापर्यंत गुण सारखा धरून चाललो. दोन गोळ्यांचा गुण सारखा असेल तर स्वस्त ती घ्यायची, विषय संपला. गुण कमी-जास्त असला की खरं गणित सुरू होतं.

सिकलसेल घ्या, रक्ताचा आनुवंशिक आजार, पूर्व विदर्भात याची ओळख करून द्यायची गरज नाही. हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायचं औषध आहे, डॉक्टरच्या देखरेखीत. 1995 मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात वर्षाचे तीव्र वेदनेचे झटके मधल्या आकड्यानं (मीडियन) नुसती दिखाव्याची गोळी घेणाऱ्यांना 4.5 आणि हे औषध घेणाऱ्यांना 2.5 आले, म्हणजे वर्षाला 2 झटके कमी. आता समजा गोळ्यांचे दिवसाला 20, वर्षाचे 7,300, आणि रक्ताच्या 6 तपासण्या 150 प्रमाणे 900, एकूण 8,200. (बऱ्याच सरकारी दवाखान्यांत हे मोफत मिळतं, आपण विकतचं धरून चाललोय.) एक झटका म्हणजे काय हे ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा: रात्री गाडी करणं, तीन-चार दिवस भरती, दोन माणसांची मजुरी, सलाईन. खासगीत समजा 6,000. दोन वाचले तर 12,000 वाचले, गोळ्यांचे 8,200 वजा केले तरी 3,800 घरात राहिले. म्हणजे औषध घेणं हेच न घेण्यापेक्षा स्वस्त.

भरती सरकारीत झाली आणि झटका 2,500 लाच पडला तर? वाचले 5,000, खर्च 8,200. वरचे 3,200 खिशातून गेले आणि त्यात 2 झटके टळले, एक झटका टळायला 1,600 पडले. या 1,600 ला पुस्तकात आयसीईआर म्हणतात, जास्तीचा खर्च भागिले जास्तीचा फायदा. परीक्षेत सूत्र विचारतात. काउंटरवर एवढंच विचारायचं: पोरगी रात्रभर कण्हते, कूस बदलता येत नाही, ती एक रात्र टळावी म्हणून 1,600 द्याल का? उत्तर त्या घरानं द्यायचं, आपण नाही. आणि 4.5 चे 2.5 हा त्या अभ्यासातला आकडा आहे, ज्यांना वारंवार झटके यायचे अशांचा. आपल्या पेशंटला वर्षात एकच झटका येत असेल तर त्याचे 2 कसे टळतील? म्हणून मागच्या वर्षी किती वेळा भरती केली ते घरच्यांना विचारून लिहा आणि तोच आकडा घ्या.

याच पद्धतीचा जगभर गाजलेला हिशोब आपल्याच गडचिरोलीतून गेलेला आहे बरं का. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ते 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एका बाळामागे खर्च 5.3 डॉलर, आणि दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला. 5.3 गुणिले 18, म्हणजे एक मृत्यू टळायला साधारण 95 डॉलर. गुणाकार चौथीतल्या पोराला येईल असा आहे, खरी मेहनत प्रत्येक बाळामागे किती गेले आणि किती बाळं वाचली याची नोंद ठेवण्यात होती.

पुस्तकातली बाकी नावं पटकन उरकतो. गुण सारखा धरून फक्त खर्च बघणं म्हणजे कॉस्ट मिनिमायझेशन, वर लसीचं केलं ते. झटके, मृत्यू अशा मोजता येणाऱ्या गोष्टीवर भागणं म्हणजे कॉस्ट इफेक्टिव्हनेस. किती वर्षं जगला आणि कशा अवस्थेत जगला हे एकत्र धरलं की कॉस्ट युटिलिटी, त्याचं माप क्वाली. फायदाही रुपयांतच मोजला की कॉस्ट बेनिफिट. देशपातळीवर हे काम 2017 पासून एचटीएआयएन ही केंद्र सरकारची यंत्रणा करते, तिथं पुढच्या वर्षांचा खर्च-फायदा दर वर्षामागे 3 टक्क्यांनी कापून धरतात. दुकानात याची गरज पडत नाही, इंटरव्ह्यूत पडते.

सातवं, बदलायचाही खर्च असतो

हे माझ्या अंगावर आलेलं आहे. दुकान टाकून वर्ष झालं असेल, एका काकांना शुगरची महागाची गोळी चालू होती, डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते हो म्हणाले, त्याच कंटेंटचं स्वस्तातलं दिलं, महिन्याला पावणेदोनशे वाचणार म्हणून मीच जास्त खूश. आठ दिवसांनी काका चक्कर येऊन पडले, घामाघूम. शुगर पार खाली. झालं असं की घरी जुन्या पत्त्यात बारा-तेरा गोळ्या उरल्या होत्या. जुनी गोळी हिरवी, नवी पांढरी, नाव वेगळं, डबी वेगळी. काकांना वाटलं नवीन औषध वाढवून दिलंय. दोन्ही घेत होते, ग्लिमेपिराइड दुप्पट. दोन दिवस भरती, पोरगा पुण्याहून आला, साडेसहा हजार गेले. पावणेदोनशेच्या हिशोबानं तीन वर्षांची बचत दोन दिवसांत. मी ते पैसे द्यायला गेलो तर काकूंनी घेतले नाहीत, चहा दिला. तो चहा काही गोड लागला नाही.

तेव्हापासून औषध बदललं की मी एक प्रश्न विचारतो, "घरी जुना पत्ता उरला हाय का?" असला तर तो आणायला लावतो, त्याच्यावर मार्करनं फुली मारतो आणि नव्यावर सूर्य किंवा चांद काढून देतो, सकाळची की रात्रीची ते कळायला. वाचता येत असो की नसो, सगळ्यांना.

नवीन पोरांनी आणखी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. एक, चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं आपल्या मनानं द्यायचं नसतं, ड्रग्ज रूल्सचा 65 (11ए) तेच सांगतो, डॉक्टरला फोन लावा, पाच मिनिटं जातात. दुसरं, फिटची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करायचं वॉरफरीन, यांच्यात दोन-चार रुपयांसाठी कंपनी बदलत बसू नका. यांचा डोस थोडा इकडे-तिकडे झाला तरी पेशंटला फरक पडतो. बदलायचंच असेल तर डॉक्टरला सांगून, आणि मग पुन्हा तपासणी, म्हणजे तपासणीचे पैसेही हिशोबात आलेच.

वहीचं पान कसं आखायचं

आडवं पान घ्या. माथ्यावर पेशंटचं पहिलं नाव, गाव, तारीख, खिसा कोणाचा. डाव्या बाजूला पर्याय, बहुतेक वेळा तीनच असतात: चालू औषध, त्याच कंटेंटचं स्वस्त, सरकारी. उजवीकडे रकाने: एका गोळीचा भाव, दिवसाचे किती, महिन्याचे किती, तपासणी, तिकीट, मजुरी पेशंटची, मजुरी सोबतच्याची, आणि बेरीज. बेरजेच्या पुढे मी अजून एक रकाना ठेवतो, 'चुकतात किती'. म्हणजे महिन्यात किती दिवस गोळी घेतलीच जात नाही. हा रकाना मी आधी ठेवत नव्हतो. मग लक्षात आलं की दिवसाला तीनदा घ्यायच्या स्वस्त गोळीतली दुपारची गोळी शेतावर कोणी नेतच नाही, डब्याला लावून दिली तरी संध्याकाळी तशीच परत येते.

मग शेवटी जर-तर करून बघा. मजुरी दीडपट केली तर पहिला नंबर बदलतो का? तिकीट दुप्पट झालं तर? महिन्याऐवजी पंधरा दिवसांचंच औषध मिळालं तर? सगळं उलटंपालटं करूनही एकच पर्याय वर राहिला तर तो बिनधास्त सांगा. हलला तर घरच्यांना दोन्ही बाजू सांगा आणि गप्प बसा.

त्या बाजाराच्या दिवशीच्या मावशींचं पान माझ्याकडे आहे. त्यांनी साडेअठ्ठावनचे दोन पत्ते नेले. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मी 'चुकतात किती' मध्ये लिहायला विचारलं, किती दिवस राहिल्या? मावशींनी रिकामा पत्ता दाखवला, एक गोळी तेवढी शिल्लक होती. "पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी खाल्ली, मंग गोयीचं ध्यानच नाई राह्यलं."

पानावर 1 लिहिलं.